भिंतीपलीकडचं आवतन

बाबा, आज पोळा आहे आणि आपल्या घरची चूल फक्त भाकरीपुरती पेटली आहे. तुम्हाला जाऊन आठवडा होत आला. सुतकाच्या घरात पुरण शिजत नाही, हे मला कोणी सांगायला नको. बाहेर डफडं वाजतं आहे. माय भिंतीकडे तोंड करून पडली आहे, पण झोपलेली नाही. मी तुमची वाचणारी पोरगी. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवलं, आज पहिल्यांदाच तुम्हाला स्वतःचं काही लिहून सांगते आहे.

इंझोरीला निरोप आला आणि आम्ही गाडी जुंपून निघालो, तेव्हाच तुम्ही गेला होतात. मी पोहोचले तोवर राख सावडून झाली होती. तेव्हापासून लोक भेटायला येतात, ओसरीवर बसतात, "भला माणूस होता" म्हणतात आणि मग गप्प होतात. त्या गप्प होण्यात काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसते. मला तुमची लाज वाटते, बाबा. मेलेल्या बापाबद्दल लेकीनं असं लिहू नये. पण छापलेलं जसं असेल तसंच वाचायचं, पदरचं घालायचं नाही आणि आवडलं नाही म्हणून गाळायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.

आपल्या केनवडच्या बाजाराच्या दिवशी रिसोडहून कोणीतरी साप्ताहिक घेऊन यायचं. तुम्हाला अक्षरं लागायची, पण एक ओळ संपेतो चिलीम विझायची. म्हणून तुम्ही मला पोरांच्या शाळेत घातलंत. माय म्हणाली होती, "पोरीले कायले शिकवता? तिले काय तहसीलदार व्हाचं हाय?" तुम्ही म्हणालात, "मले पेपर ऐकाचा हाय." इतका उघडा स्वार्थ कोणत्या बापानं कबूल केला असेल? त्या स्वार्थावर मी आजवर जगले. इंझोरीत बायका घरची पत्रं घेऊन माझ्या दारात येतात, सासूबाई त्यांच्यासमोर ताठ बसतात, ते सगळं तुमच्या त्या पेपरापायी.

आपण वाचायला बसायचो ते कोंडवाड्याच्या भिंतीच्या सावलीत. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं दंड भरेपर्यंत अडकवून ठेवायचा तो सरकारी वाडा आपल्या गोठ्याला लागूनच होता, आणि गावात दुपारची एवढी लांब सावली दुसऱ्या कशाचीच नव्हती. उकंडाकाका भिंतीला पाठ लावून बसायचे. त्यांचं वावर आपल्या बांधाला, धुऱ्याला धुरा लागून, त्यांची जोडी आणि आपली जोडी एकाच बाजारातून आणलेली. तुमच्या दोघांचं पटायचं कमी आणि एकमेकांवाचून चालायचं त्याहून कमी.

मी नुकती वाचायला लागले होते तेव्हा ती बातमी आली. विलायतेत दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या एका बाईचा मुलगा तिथला मुख्य प्रधान झाला होता. तुम्ही मला थांबवलंत. "कोणाचा पोरगा?" मी सांगितलं. "परत वाच." मी परत वाचलं. तुम्ही उठलात, बाजारातून गूळ-फुटाणे घेऊन आलात आणि सगळ्यांच्या हातावर ठेवायला लागलात.

"तो तुझा कोण लागते रे?" उकंडाकाकांनी विचारलं.

"काहीच नाही लागत. म्हणून तं वाटून राह्यलो. लागत असता तं त्यानं वाटले असते."

त्याचं नाव आपल्याकडे कोणाच्याच जिभेवर बसेना. तुम्ही त्याला 'आपला परधान' म्हणायला लागलात आणि गाव तुम्हालाच परधान म्हणायला लागलं. वर्ष पुरं व्हायच्या आत तिकडे त्याचं राज्य गेलं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. माय म्हणाली, "आता काय त्याचं सुतक पाळता?"

पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की गडी माणसं एकमेकांवर झडत्या म्हणायची, जुळवून जुळवून थट्टा करायची. दरवर्षी एक तरी झडती तुमच्यावर असायचीच. उकंडाकाका त्यात पटाईत. एकदा त्यांनी भर तोरणाखाली विचारलं होतं, "परधान, विलायतेत पोळा भरते का?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "बैल नसतीन तं घोडे असतीन. राबणाऱ्याले एक दिवस तं देतच असतीन." लोक हसले, तुम्हीही हसलात. गावानं थट्टा करावी यात केवढा मान असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग तो दुसऱ्यांदा प्रधान झाला. पुन्हा गूळ-फुटाणे. आपल्या देशाविषयी त्यानं पूर्वी फार चांगलं लिहिलं आहे, असं पेपरात येत होतं, आणि तुम्ही ते मला पाठ होईपर्यंत वाचायला लावलंत. पण त्याच्याच राज्यात आपल्याकडची माणसं कायदा मोडून सरकारी रानातलं गवत कापलं म्हणून तुरुंगात गेली. उकंडाकाकाही गेले. तुम्ही म्हणायचात, "त्याच्या कानापर्यंत खरं पोहोचत नसन." उकंडाकाका काही महिन्यांनी सुटून आले, गालफडं बसलेली, आणि बाजाराच्या दिवशी त्याच भिंतीला पाठ लावून बसले. "वाच माय," ते मला म्हणाले, "आपल्या परधानानं आमच्यामागं काय काय केलं ते." त्यांच्या बोलण्यात कडूपणा नव्हता. तुम्ही मात्र त्या दिवशी मान खाली घालून ऐकत होतात.

त्याच साली तालुक्याच्या बोर्डाची निवडणूक आली आणि उकंडाकाकांनीच तुम्हाला उभं केलं. ज्यांना मत होतं ते तुमच्यामागे होतेच, पण ज्यांना मत नव्हतं तेही गाडीमागे चालत गेले. मागणी एकच होती: कोंडवाड्याच्या दंडवसुलीचा ठेका मोडा. ठेकेदाराची माणसं बड्या वावरवाल्यांच्या धुऱ्यावरच्या कुंपणाची काटी स्वतःच बाजूला सारायची आणि गरिबांची जनावरं आत शिरली की हाकून आणायची, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तुम्ही भिंतीवर थाप मारून म्हणालात, "हे दार मी उघडून देतो." मी तिथेच उभी होते. मला वाटलं, विलायतेत नाही झालं ते केनवडात होणार.

तुम्ही निवडून आलात. बोर्डात दोन बाजू सारख्या झाल्या, चेअरमन कोण हे ठरेना. तेव्हा बड्या वावरवाल्यांनी तुम्हालाच विचारलं. तुम्ही खुर्ची घ्या, आम्ही पाठीशी आहोत, फक्त लगेच काही मोडतोड करू नका. तुम्ही घरी येऊन मायला सांगितलंत, "सगळ्यायले घेऊन चाला लागते." मायनं विचारलं, "सगळे म्हंजे कोण?" तुम्ही हातपाय धुवायला गेलात.

त्याच पावसाळ्यात विलायतेची बातमी आली. प्रधानानं आपला पक्ष सोडून विरोधकांना घेऊन नवं मंत्रिमंडळ केलं होतं. त्याची आपली माणसं बाहेर राहिली होती आणि त्यांनी त्याला आपल्यातून काढून टाकलं होतं. मी भिंतीच्या सावलीत उभी राहून ते वाचलं. ओळ संपली तेव्हा सगळे तुमच्याकडे बघत होते. मला पुढचं दिसेना. तुम्ही म्हणालात, "वाच पुढं. थांबली काहून?" मी ज्वारीचे भाव वाचले.

त्या साली पावसानं ओढ दिली होती. पोळ्याच्या आधी चार-दोन दिवस बऱ्याच जोड्या कोंडवाड्यात गेल्या, त्यात उकंडाकाकांचीही होती. काटी पुन्हा बाजूला सारलेली होती. दंड भरायचा नाही, असं लोकांनी ठरवलं, कारण भरला तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. ते आपल्या ओसरीवर आले.

"परधान, पोळ्यापुरते सोड," उकंडाकाका म्हणाले. "पोळा झाला की आमीच आणून बांधतो. तुले शब्द देतो."

तुम्ही म्हणालात, नियम एकाला वाकवला की सगळ्यांना वाकवावा लागतो. मग म्हणालात, "मी आज दार उघडलं तं उद्या ते माही खुर्ची काढून घेतीन. मंग तुमच्यासाठी बोलणारं कोण राहीन तिथं?" ते ऐकून कोणी भांडलं नाही. उकंडाकाकांनी पागोटं सारखं केलं आणि सगळे उठले. बाबा, भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण गोठ्यात होतो. पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदमळणी. मी तूप-हळदीची वाटी धरली होती आणि तुम्ही पळसाच्या पानानं बैलांचे खांदे शेकत होतात. भिंतीपलीकडे माणसांची चाहूल लागली. ठेकेदाराचा माणूस त्यांना आत सोडेना. वाट्या घेऊन आलेली माणसं तशीच बाहेर उभी राहिली. थोड्या वेळानं उकंडाकाकांचा आवाज आला. नेहमीचाच, वावरात हाक घालतात तसा.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलाला वर्षातून एकदा द्यायचं ते आमंत्रण त्यांनी भिंतीवरून दिलं. आतून एक बैल हंबरला. मग दुसऱ्या माणसानं दिलं, मग तिसऱ्यानं. उद्या दार उघडणार नाही, हे देणाऱ्यांना माहीत होतं. पण आवतन चुकवायचं कसं?

तुमचा हात थांबला. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं, आता तुम्ही पळसाचं पान खाली टाकाल आणि जाल. तुम्ही परत शेकायला लागलात. शेवटी आपल्या बैलांना आवतन दिलंत, तेही इतक्या हळू की जवळ उभ्या असलेल्या मलाच धड ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी चेअरमनची म्हणून आपली जोडी तोरणाखाली मानाच्या जागी उभी राहिली. रांगेत मोकळ्या जागा होत्या, त्या कोणी भरून काढल्या नाहीत. त्या पोळ्याला तुमच्यावर झडती झाली नाही. कोणी तुम्हाला परधान म्हटलं नाही. तेव्हापासून गावानं तुम्हाला आदरानं वागवलं, आणि तुमच्यासारख्या माणसाला याहून कठोर वागणूक दुसरी कोणती असणार.

दंड न भरल्यानं उकंडाकाकांची जोडी पुढे लिलावात गेली. तुम्ही गड्याच्या हाती आपली जोडी पेरणीला पाठवलीत, ती त्यांनी पाणी पाजून परत पाठवली. ठेका तसाच राहिला. पुढच्या निवडणुकीत तुम्ही पडलात आणि बड्या वावरवाल्यांनीही तुमची ओळख ठेवली नाही. विलायतेत तुमच्या प्रधानाचंही तेच झालं. त्याची नजर अधू झाली, भाषणात धागा सुटायला लागला, आणि जुन्या मतदारांनी त्याला पाडलं. तुम्हालाही तोवर चष्मा लागला होता. ही बातमी मी इंझोरीत एकटीनं वाचली. लग्न होऊन तिकडे गेले तेव्हा पहिल्याच पाण्याच्या खेपेला विहिरीवरच्या एका बाईनं विचारलं होतं, "कोंडवाडावाल्या परधानाची पोरगी तूच का वं?" कीर्ती कुठवर जाते बघा. मी घागर भरली आणि हो म्हटलं.

मागच्या हिवाळ्यात माहेरी आले होते, तेव्हा तुम्ही जुन्या सवयीनं पेपर माझ्यापुढे टाकलात. प्रधान वारल्याची बातमी होती. घरापासून दूर, जहाजावर, समुद्रात.

"संग कोण होतं?" तुम्ही विचारलंत.

"धाकटी मुलगी होती."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. आणि मग, "त्याच्या लोकायनं माफ केलं का त्याले?"

"तसं काही नाही लिहिलं."

"त्यानं माफी मांगतली होती का?"

"तेही नाही लिहिलं." मग मला राहवलं नाही. "त्याचं जाऊ द्या. तुमी मांगा. उकंडाकाका कोंडवाड्यापलीकडं राह्यतात. तिथं जाले जहाज नाही लागत."

तुम्ही चिडलात. मला बरं वाटलं, कारण कितीतरी वर्षांत तुम्ही माझ्यावर चिडला नव्हतात. "मी कायले माफी मांगू? मी खुर्ची सोडली असती तं दुसरा बसला असता. जनावरं तशीच कोंडली असती."

"तं दुसऱ्यानं कोंडली असती ना, बाबा. तुमी काहून कोंडली?"

तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसलात. पुसून झाल्यावरही पुसत बसलात. मी आत गेले आणि दुसऱ्या दिवशी इंझोरीची गाडी धरली. तो वाद तिथेच राहिला आहे. प्रधानाच्या मुलीला जे मिळालं ते मला नाही मिळालं, शेवटी तुमच्याजवळ बसायला. ते मिळालं असतं तरी मी तुम्हाला तेच विचारलं असतं का, की नुसतं पाणी पाजलं असतं, हे माझं मलाच ठरवता येत नाही.

आता कालचं सांगते. संध्याकाळी माय म्हणाली, "बैलायचे खांदे शेकाचे राह्यले. मले सुतक हाय. तुहं तं तीन दिवसांत फिटलं. तूच दे आवतन."

मी म्हटलं, "गड्याले सांग ना. बाबा असते तं बाईमाणसाले देऊ देलं असतं का?"

माय उठून बसली. मग म्हणाली, "त्या सालापासून ह्यायनं आवतन नाही देलं, पोरी. खांदे शेकत. वाटी खाली ठेवत. अन् मले म्हणत, तू म्हण. मीच म्हणत आली."

मला हे माहीत नव्हतं, बाबा. पुढचा पोळा यायच्या आतच माझं लग्न झालं, आणि तेव्हापासूनचे सगळे पोळे माझे इंझोरीत गेले. तुम्ही तोंडानं कधी कबूल केलं नाहीत ते दरवर्षी गोठ्यात करत होतात, एका बायकोसमोर आणि दोन बैलांसमोर. मला तुमची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला. एवढं कळत होतं तर चार पावलं टाकून भिंतीपलीकडे का गेला नाहीत? मी तूप-हळदीची वाटी घेतली, पळसाची पानं घेतली आणि गोठ्यात गेले. बैलानं खांदा पुढे केला. शेकून झालं. पुढचे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. लेकरांनाही पाठ असतात ते शब्द. पण पलीकडे ती भिंत होती, आणि आपल्या गोठ्यातून निघालेलं आवतन पलीकडे ऐकू जाईल, या विचारानंच माझं तोंड शिवल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. उकंडाकाका होते. किती म्हातारे झालेत ते. त्यांनी मला ओळखलं. काठी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "देलं का आवतन?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मले वाटलंच. इतके साल तुह्या मायचा आवाज ऐकू ये. आज म्हटलं, तिले सुतक असन. मंग कोण देईन?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं पलीकडे उभं राहून ते ऐकत होते की या गोठ्यातून तुमचा आवाज येत नाही. तुमची माफी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, आणि ती त्यांनी घेतली होती की नाही, हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघं म्हातारे एका भिंतीच्या दोन बाजूंना.

मला म्हणायचं होतं, काका, बाबांचं चुकलं. तुमच्या वतीनं म्हणायचं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि मी वाटीतलं तूप त्यांच्या तळहातावर ओतलं. त्यांनी मी शेकलेलेच खांदे पुन्हा चोळले, सावकाश, आपलीच जोडी असल्यासारखे. ज्यांनी त्या साली आवतन दिलं आणि ज्यांना ते पाळता आलं नाही, त्यांच्याच हातांनी. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं, नुसते ते हात होते.

मग त्यांनी बैलांच्या कपाळाला हात लावला आणि नेहमीच्या आवाजात, वावरात हाक घालतात तसं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर म्हणाले, "तुमचा परधान उठला नाही तरी तुमी या बाप्पा. माह्या दारात या."

इतक्या वर्षांनी गावानं तुमची थट्टा केली, बाबा. आतून माय रडल्याचं ऐकू आलं. मी वाटी धरून तशीच उभी राहिले आणि मला मान वर करता आली नाही.